प्लायवूडवरचा गाव

आषाढात, लावणी उरकून माणसं जरा पाठ टेकतात त्या दिवसांत, सुनीतीबाई सत्यवान मेस्त्रीच्या गणपतीच्या शाळेत आल्या. काखेत नकाशाची गुंडाळी, गळ्यात पुण्याच्या संस्थेचं ओळखपत्र, आणि दोन्ही बूट घोट्यापर्यंत चिखलात. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा, गावच्या माजी सरपंचाच्या आंब्याच्या कलमांच्या बागेच्या कडेला उभी असलेली पत्र्याची शेड. आत भिंतीला टेकून त्रेसष्ट पाट. या भागात ज्याचा त्याचा गणपती ज्याच्या त्याच्या पाटावर बसतो. घरचा पाट आणून द्यायचा, मागे खडूने नाव घालायचं, आणि मग चतुर्थीपर्यंत दर आठवड्याला येऊन मेस्त्रीच्या मानेवर बसायचं: सोंड जाड झाली, पोट उतरलं, गेल्या वर्षीचा बरा होता.

"मेस्त्री तुम्हीच ना? मला तुमचं गाव हवंय," बाई म्हणाल्या. "मातीचं."

सत्यवानने हातातला सोंडेचा गोळा खाली ठेवला. पन्नाशीचा माणूस. हात सोन्याचे आणि कणा ओल्या मातीचा. असं जे गाव म्हणत असे त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी नकाशा पसरला. आठ फूट बाय पाच फुटांच्या प्लायवूडवर अख्खं गाव, वरच्या सड्यापासून, म्हणजे कातळाच्या पठारापासून, खाली खाडीपर्यंत. बारा दिवसांत हवं. मग देवळाच्या सभामंडपात दोन दिवसांची कार्यशाळा. गावातले सात प्रकारचे लोक येतील, मॉडेलभोवती बसतील, पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे जायला हवं ते आपल्या हातांनी माती हलवून ठरवतील. दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळ्यांच्या सह्या. तो नकाशा खात्याकडे जाणार आणि पाण्याचं काम यंदाच्या थंडीत होणार.

"पाण्याचा म्हणजे व्हाळाचा?" दारातून आवाज आला. सत्यवानची बायको शेवंती पेजेचं भांडं घेऊन उभी होती. पोटऱ्यांना चिखल तसाच.

"जे गाव ठरवेल ते," बाई म्हणाल्या.

"मगे करता तो," शेवंती म्हणाली. सत्यवानला कोणी विचारलंच नव्हतं.

शेवंतीची घाई उगाच नव्हती. सड्यावरून उतरणारा व्हाळ तिच्या तीन कुणग्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेने जाऊन खाडीला मिळायचा. दोन वर्षांपूर्वी भाईने, म्हणजे त्याच माजी सरपंचाने, आपल्या सात खोल्यांच्या पर्यटक निवासासमोर गाड्या लावायला जागा हवी म्हणून व्हाळावर लाल मातीची भर टाकली. खाली वीतभर तोंडाचा एक सिमेंटचा पाइप घातला आणि पाण्याने आता यातून जावं असं ठरवलं. पाणी काही सरपंचाच्या ठरावाने चालत नाही. ते भरावामागे तुंबलं आणि शेवंतीच्या कुणग्यांत पसरून बसलं. दोन वर्षं लावलेला तरवा मुळासकट कुजला. ही तिसरी लावणी. रोपं आताच अर्धी बुडाली होती. ही गेली की पुढच्या वर्षी पेरायला घरचं बियाणं नव्हतं, आणि भाईने आधीच निरोप ठेवला होता: त्या चिखलाचं करतेस काय, मला दे, आणखी चार खोल्या बसतात.

दुसऱ्याच दिवसापासून बाईंची तयारी सुरू झाली. उतरल्या होत्या त्या भाईच्याच निवासात, कारण गावात दुसरीकडे गरम पाण्याचा नळ नव्हता. सकाळी भाईकडचे घावन खायचे आणि दिवसभर गावात फिरून वंचित घटक शोधायचे, असा कार्यक्रम. त्यांच्याजवळ एक पुस्तिका होती. माणसांना कसं बसवायचं, कोणाला आधी बोलू द्यायचं, कोणी गप्प राहिला तर काय विचारायचं, भांडण झालं तर कुठला खेळ घ्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं. गावात भांडण झालं तर खेळ घेतात हे गावाला प्रथमच कळत होतं.

तिसऱ्या दिवशी शेवंतीच्या पडवीत रंगीत तालीम ठरली. शेवंती, सत्यवान आणि शेजारचा बाबली, एवढीच माणसं मिळाली. बाबलीकडे तीन शेळ्या आणि एका होडीत चौथा हिस्सा. बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने स्वतःच्या जागेवरून न बघता दुसऱ्याच्या जागेवरून बघायचं. शेवंतीला वनखातं आलं. बाबलीला पर्यटन व्यावसायिक.

बाबलीला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने एक पाय दुसऱ्यावर टाकला, लुंगी सावरली, मान मागे नेली आणि भाईच्या आवाजात म्हणाला, "गो शेवंती, च्या हाड. आणि ते तुझे कुणगे माका दी गो. चिखलात काय सोना पिकता?"

सत्यवान हसला. मग बायकोकडे बघून थांबला.

"मेल्या, खेळात पण माझेच कुणगे दिसले तुका?" शेवंती म्हणाली.

"मी खंय? ह्यो पर्यटन यवसायिक बोलता," बाबली म्हणाला. "माझ्या मनात काय नाय."

बाईंनी वहीत 'सहभाग उत्तम' असं लिहिलं. मग त्या सत्यवानकडे वळल्या. "आणि मेस्त्री, तुम्ही मात्र पूर्ण तटस्थ राहायचं. मातीला मत नसतं."

सत्यवानने मान हलवली. मत नसण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

माती मळ्यातून आली. शेवंतीने ती चाळली, भिजवली, कापूस घालून पायांनी तुडवली. सकाळी दोन तास कुणग्यातला चिखल, दुपारी तीन तास शेडमधला. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसली ती काढायला तिने सुई वापरली. सत्यवान गुडघ्यांवर बसून काम करायचा. सड्याला त्याने चिऱ्याचा भुगा लावला, माडांना खराट्याच्या काड्या, कौलांना गेरू. चौथ्या दिवशी त्याने अंगठा ओला करून सड्यापासून खाडीपर्यंत व्हाळ ओढला, जिथे तो जन्मभर बघत आला होता तिथे. बाबली आठ पावलं मागे जाऊन बघून म्हणाला, "शिरा पडो, गाव इतको बरो कधी दिसाक नव्हतो."

तिथपासून रीघ लागली. लोक गणपती बघायला म्हणून यायचे आणि प्लायवूडपाशी थांबायचे. बारा दिवसांत एकवीस माणसं. त्यांतल्या एकोणीस जणांना आपलं घर मोठं हवं होतं आणि दोघांना शेजाऱ्याचं लहान. पाटावरचा गणपती जसा सांगून करून घ्यायचा तसा गावही सांगून करून घ्यायचा, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. एकाने अजून न बांधलेला वरचा मजला बांधून घेतला. देवळाच्या विश्वस्तांनी कळस बोटभर वर नेला. बाईंच्या पुस्तिकेत ज्याला सहभाग म्हणतात तो सगळा इथे, पत्र्याखाली, बाईंच्या पाठीमागे उरकून चालला होता.

सावित्रीकाकीचं घर वरच्या आवाटात. तिच्या पाणंदीत शेजाऱ्याने आपला दगडी गडगा पुढे सरकवला होता.

"दोन बोटां रुंद कर, सत्यवान," ती म्हणाली.

"काकी, दोन बोटां म्हणजे हयल्या मापान शंभर फूट होतत."

"होवंदेत. तेना गिळल्यान तेवा कोणी मापल्यानी?"

सत्यवानने एक बोट रुंद केली. कोणालाच नाही म्हणायचं नाही आणि कोणालाच पुरतं द्यायचं नाही, हा त्याचा धंद्यातला जुना हिशेब.

भाई तीनदा आला. पहिल्यांदा हात मागे बांधून सगळं बघितलं आणि "हात रे तुझे!" म्हणून गेला. दुसऱ्यांदा सुरमईचं डोकं पाठवलं आणि मागून स्वतः आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा धो धो पाऊस होता आणि शेवंती कुणग्यावर होती. भाई छत्री न मिटता आत आला. छत्रीचं पाणी दोन गणपतींच्या पाठीवर पडत होतं, आणि सत्यवान ते बघत उभा होता.

"व्हाळ तो ह्यो काय?"

"व्हय, भाई."

"पण पाणी आता पायपातसून जाता मरे. मगे पायप दाखव. व्हाळ कित्याक?"

"पायप ह्या मापात दिसूचो नाय, भाई."

"दिसूचो नाय तर नको दाखवू." भाईने वर पत्र्याकडे पाहिलं. "शेड जुनी झाली रे. माझ्या बापाशीन तुझ्या बापाशीक तोंडान जागा दिल्यान, कागुद नाय काय नाय. एखाद दिवस पडतली माझ्या कलमांर. मगे माका बघूक व्हया."

सत्यवानने त्रेसष्ट पाटांकडे पाहिलं. मग वाटीत अंगठा बुडवला. ज्या अंगठ्याने तो गणपतीच्या पोटाला गोलाई देतो त्याच अंगठ्याच्या दोन फेऱ्यांत सड्याखालचा व्हाळ बुजला. भाई वाकला आणि त्या जागेवर आपल्या हाताने काडेपेटीची चार रिकामी खोकी ओळीने मांडली. गाड्या. घरून खिशातून घेऊन आला होता.

शेवंती परतली ती मांड्यांपर्यंत भिजलेली. शेडमध्ये शिरली आणि एका नजरेत तिला कळलं.

"व्हाळ खंय गेलो?"

"आसा… पायपात."

"पायप खंय आसा?"

"दिसना नाय."

ती खोकी मोजल्यासारखी बघत राहिली. "भाई इल्लो."

"त्रेसष्ट पाट आसत गो माझ्याकडे. शेड काढ म्हणालो तर खंय घेवन जातलंय? लोकांचो देव आसा."

"लोकांचो देव रवलो, भाईची गाडी रवली, तुझी शेड रवली," शेवंती म्हणाली. "माझा भात तेवडा गेला. बरा केलंस. मातयेक मत नाय म्हणता ती बाय, ता मातयेचा नाय सांगी, तुझा सांगी."

त्यानंतर तीन दिवस ती बाबलीच्या शेळ्यांशी बोलली, नवऱ्याशी नाही. माती मात्र तुडवत राहिली. काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती.

बाराव्या दिवशी मॉडेल देवळात न्यायचं होतं. आठ माणसं लागणार होती. भाईने मोठ्या मनाने निवासातला राखणदार आणि आचारी पाठवले. वर प्लास्टिक, बारीक पाऊस, आठ जणांच्या खांद्यांवर ओली माती. पाच पावलं गेली असतील, आणि बाबलीच्या तोंडातून, श्रावण लागायच्या आधीच, "गणपती बाप्पा!" निघून गेलं. बाकी सात जणांनी "मोरया!" म्हटलं. खांद्यावर ओल्या मातीचा भार घेऊन पावसातून चालायचं आणि गप्प राहायचं, हे या गावच्या कोणाला शिकवलेलंच नव्हतं. वाटेत दोन बायका पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या. एकीने हात जोडले. कशाला जोडले ते तिलाही विचारू नये.

सभामंडपात प्लायवूड टेकलं तेव्हा मातीला सात भेगा गेल्या होत्या. सुनीतीबाई कट्ट्याच्या बाजारपेठेत गेल्या होत्या, नियमांचे कागद रंगीत छापून आणायला. आठ जण चहाला पांगले. सत्यवान भेगा बुजवायला बसला आणि शेवंती पाण्याचा टोप घेऊन समोर टेकली. तीन दिवसांनी प्रथमच ती त्याच्याशी बोलली.

"काढ."

"काय?"

"तुका म्हायत आसा काय ता."

सत्यवान भेग बुजवत राहिला. एक, दोन, तीन भेगा. शेवंतीने आणखी थोडी वाट बघितली. मग काडेपेट्या उचलून भाईच्या निवासाच्या भिंतीला लागून नीट ओळीने लावल्या, आणि उजव्या हाताची चार बोटं ओली करून सड्याच्या पायथ्याशी ठेवली. तिने मापबीप काही बघितलं नाही. वीस वर्षं ज्याच्या कडेने ती तरव्याच्या जुड्या आणि गवताचे भारे घेऊन चालली तो व्हाळ तिच्या बोटांना पाठ होता: फणसाकडचं वळण, धोंडीजवळचा डोह, कुणग्यांच्या कडेची सरळ रेघ. भरावाची जागा आली तिथे तिने हात जरा दाबून ओढला, थेट खाडीपर्यंत.

सत्यवान आढ्याकडे बघत होता. मग त्याची नजर खाली आली.

"हयसर काठ ढासळतलो," तो पुटपुटला, आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याने काठ पक्का केला.

एवढ्यात दत्ताराम गावकर आला. ऐंशीच्या पुढचा, गावचा पहिला मानकरी. देवळाच्या पायरीवर काहीही नवीन ठेवलं की त्यासमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे त्याचं काम. ट्रॅक्टरला घातलं होतं, पंचायतीच्या संगणकाला घातलं होतं. त्याने मॉडेल बघितलं, कळस वर गेलेला बघितला, संतोषला. माणसं गोळा झाली. भाईसुद्धा धावत आला. गाऱ्हाण्याला आपण नसलो असं त्याने कधी होऊ दिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," दत्तारामाने सुरू केलं, "आज ह्यो मातयेचो गाव लेकरांनी तुझ्या पायाकडे आणून ठेवलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात जा ज्याचा आसा ता तेका गावांदे. वाट वाटेक रवांदे, पाणी पाण्याच्या जाग्याक रवांदे…"

"व्हय म्हाराजा!" यात भाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि जो कोण हेका वाकडो हात लावीत, तेचो हात तुया बघ!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. पाणी मॉडेलवर शिंपडलं गेलं, सड्यावर हळदकुंकू पडलं. भाईने दोन्ही हातांत खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. चावता चावता त्याची नजर मॉडेलवरच्या निवासाकडे गेली, आणि जबडा थांबला.

कार्यशाळेची पहिली सकाळ खुर्च्यांत गेली. बाईंना गोल हवा होता. गोलात बसायचं तर निम्म्या लोकांची पाठ देवाकडे येते, म्हणून गोल झाला नाही. चंद्रकोर झाली. मग मानकऱ्यांनी आपापल्या मानाप्रमाणे खुर्च्या सरकवल्या आणि चंद्रकोरीची जुनी रांग झाली. बाईंनी सात गटांना सात रंगांचे बिल्ले वाटले. शेवंतीला हिरवा. भाईने तीन घेतले: पर्यटनाचा पिवळा, माजी लोकप्रतिनिधीचा निळा, देवस्थानाचा भगवा. छातीवर तिन्ही लावून तो जत्रेतल्या जिंकलेल्या बैलासारखा बसला.

"आता पुढे या," बाई म्हणाल्या. "हे तुमचं गाव आहे. माती ओली आहे. जे चुकलंय ते हलवा. हात लावा!"

चाळीस माणसं. कोणी हललं नाही.

"घाबरू नका. इथे बरोबर-चूक काही नसतं."

बाईंनी पुस्तिकेतलं पान उलटलं. मग त्यांनी एक खेळ घेतला, ज्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या होत्या. टाळ्या वाजल्या. हात परत मांडीवर गेले.

"अहो, ही फक्त माती आहे!"

"गणपती पण मातयेचोच आसता गो बाय," सावित्रीकाकी म्हणाली.

भाई उठला. चारचौघांत तो पुस्तकी मराठी बोलतो. "मॅडम, सदर ठिकाणी किंचित चूक झालेली आहे. इथे ओढा नाही. पाइपलाइन आहे."

बाईंचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिला सहभाग. "छान! या ना भाई, तुम्हीच दुरुस्त करा. तुमच्या हातांनी."

भाई दोन पावलं पुढे गेला. वाकला. हात मातीपासून वीतभर. मागे दत्ताराम गावकराने चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. भाईचा हात तिथेच जरा फिरला, जणू माशी हाकलतोय, आणि मागे आला.

"मेस्त्री," तो म्हणाला, "चूक तुमची. दुरुस्ती तुम्ही करा."

सत्यवान खांबामागे उभा होता. सगळ्या माना वळल्या. शेवंती मात्र बिल्ल्याच्या पिनेशी खेळत राहिली, नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. सत्यवान खांबाआडून अर्धा बाहेर आला.

"नारळ फुटलो, भाई," तो म्हणाला. "फुटल्यार मेस्त्रीचो हात लागना नाय."

जन्मात पहिल्यांदा तो कोणाला नाही म्हणाला, आणि तेही देवाच्या आडून. पण म्हणाला.

"मग मॅडम, तुम्ही करा," भाई म्हणाला. "तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला चालतं."

"मी? छे!" बाई दचकल्याच. "मी सूत्रधार आहे. सूत्रधाराने मॉडेलला स्पर्श करायचा नाही. सातवा नियम."

गावाचं सोवळं आणि पुण्याचं सोवळं असं त्या मातीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहिलं. दुपारचं जेवण मात्र वेळेवर झालं. नंतर सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्यांवर 'एकजूट' आणि 'विकास' हे शब्द लिहून भिंतीला चिकटवले. दुसऱ्या दिवशी चार वाजता सह्या. जिथे कोणी काही हलवलं नाही तिथे आहे तेच सर्वांना मान्य, असं बाईंनी जाहीर केलं, आणि शेवंतीने बसल्या जागी पाय लांब केले.

भाई काही कच्चा नव्हता. दिवेलागणीला तो दत्तारामाच्या पडवीत जाऊन बसला, आणि सकाळी दत्ताराम काठी टेकत सभामंडपात येऊन म्हणाला, "दीड दिस झालो. नारळ ठेवलेली माती ती, अशीच ठेवन कशी चालात? दुपारच्या आत पाण्यात सोडूक व्हयी."

"पण सह्या चार वाजता आहेत!" बाई म्हणाल्या.

"मॅडम," भाई हात जोडून म्हणाला, "लोकांच्या भावना आहेत. सह्यांचं आपण मागाहून बसून बघू. तुम्ही, मी, निवांत."

पुस्तिकेत स्थानिक भावनांचा आदर यावर अर्धं पान होतं. बाईंनी ते वाचलं, आणि वाचता वाचता त्यांना भरून आलं. लोकांनी मॉडेल किती आपलंसं केलं होतं! त्या कॅमेरा काढायला धावल्या.

मिरवणूक निघाली. ढोल आला, ताशा आला. भाईने स्वतः प्लायवूडचा पुढचा कोपरा खांद्यावर घेतला. दोन वर्षांत त्याने एवढं वजन उचललं नव्हतं. राखणदार मागच्या कोपऱ्याला, आचारी मधे. सत्यवान खाली मान घालून मागून चालला. त्याने तीनदा वळून बघितलं. शेवंती दिसली नाही.

शेवंती भाईच्या भरावावर होती. निवासात चिटपाखरू नव्हतं. पाहुणे पण मिरवणूक बघायला गेलेले. भरावाच्या एका बाजूला कुणग्यांतलं पाणी गुडघाभर तुंबून उभं, दुसऱ्या बाजूला खाली व्हाळाचा कोरडा घसा. ती खोरं चालवत होती. बांधाची मेर फोडून पाणी सोडायचं काम तिने हजारदा केलं होतं, ही मेर जरा रुंद होती एवढंच. सावित्रीकाकी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. हात लावत नव्हती, पण जातही नव्हती.

"गो, पाप लागात," काकी म्हणाली.

"काय्येक लागूचा नाय. परवा भाईन ह्याच व्हाळाक हात जोडल्यान. खोबरा खाल्ल्यान. तुया बघलंस मरे?"

"बघलंय तर."

"मगे छत्री जरा हकडे धर. डोळ्यांत पाणी जाता."

खोऱ्याचा चाळिसावा का पन्नासावा घाव असेल. आधी बोटभर धार गेली. मग हातभर. मग शेवंतीने खोरं उचलून मागे उडी मारली, कारण पुढचं काम पाणी स्वतःच करायला लागलं. लाल मातीचे तुकडे पावासारखे सुटत गेले. तिने कपाळावरून हात फिरवला आणि कुणग्यांकडे बघितलं. रोपांचे शेंडे एकेक करून वर येत होते, पिवळे, पण उभे.

खाडीच्या धक्क्यावर, जिथे गावचे गणपती पोचवतात आणि जिथे पूर्वी व्हाळाचं तोंड होतं, तिथे आठ जण मांडीभर पाण्यात उतरले होते. ओहोटी होती, पाणी निवळ. आरती संपली. दत्ताराम पायरीवर उभा राहून सांगत होता, कारण सगळं माहीत असलं तरी त्याने सांगायचंच असतं. तीन वेळा खाली, तीन वेळा वर, आणि मग सोडायचं. मधे कोणी हात काढायचा नाही.

"एक!"

प्लायवूड खाली गेलं, वर आलं. गावातली अर्धी घरं विरघळली.

तेव्हाच पाणी लाल व्हायला लागलं. डावीकडून, व्हाळाच्या तोंडातून. आधी फेस आला, मग उपटलेलं गवत, मग मातीची मोठाली ढेकळं. त्यांच्यामागून निवासातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची संथ गिरक्या घेत आली, आणि तिच्या पाठोपाठ 'फक्त पाहुण्यांच्या गाड्या' असं लिहिलेली पाटी, उलटी. ढोल थांबला. बाबलीने पाटी वाचली आणि ओठ आत दाबून धरले. सत्यवान एकदम पायरीवर बसला, आणि त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा ते त्याच्या शेजारच्यांनाही ठरवता आलं नाही.

"अरे वा, इथे पाणी कुठून आलं?" बाई कॅमेऱ्यामागून म्हणाल्या.

भाई जागच्या जागी वळू बघत होता. कोपरा त्याच्या हातात होता. तो सुटला तर देवाची माती सगळ्या गावादेखत कलंडणार होती. त्याने राखणदाराकडे पाहिलं. राखणदाराचेही दोन्ही हात गुंतलेले. खुर्ची येऊन भाईच्या कमरेला हलकेच लागली आणि तिथेच अडकली.

"भाई, खंय बघतास?" दत्ताराम काठी आपटून म्हणाला. "अजून दोन खेपो रवल्यो. वाका."

भाई वाकला.